पेढ्याच्या डब्यातली चिठ्ठी

बाई, काल तुमचंच वाक्य मी माझ्या विद्यार्थिनीच्या तोंडावर फेकलं आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तिनं संशोधनासाठी मुलांचे दोन गट पाडले होते. संगणक ज्याला जिथे टाकेल तिथेच त्यानं राहायचं, तर हिनं एका आजारी मुलाला गुपचूप दुसऱ्या गटात घेतलं, आणि वर आपण होऊन मला सांगायला आली. मी म्हटलं, "दया घरी करायची. इथे चिठ्ठी निघाली की निघाली." तिचं वर्षभराचं काम रद्द करायला लावलं. पोरगी कागद उचलून गेली.

हे वाक्य मी ऐकलं ते घडियाळी पोळातल्या तुमच्या स्वयंपाकघरात. डिपार्टमेंटला नुकताच आलेला एकुलता एक कॉम्प्युटर कुलपात असायचा, चपला काढल्याशिवाय आत प्रवेश नाही, म्हणून आपण पेढ्याच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या कालवत बसलोय. करजणजवळच्या शाळेतल्या मुली. निम्म्यांना रोज अळीव घातलेली सुखडी, आपल्या गूळपापडीसारखी, निम्म्यांना प्रयोग संपल्यावर. रक्त वाढतं का ते पाहायचं. मी आपली म्हणाले, अगदी फिकट दिसतात त्यांना आधी देऊ या की. तुम्ही असल्या भडकलात! ती सुखडीची परीक्षा नाही, तुझ्या निवडीची होईल, म्हणालात. तुमचं बरोबर होतं, आणि मला तुमचा भयंकर राग आला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत एका हडकुळ्या मुलीनं माझी ओढणी धरली. "बेन, मने सुखडी मळशे ने?" तिची चिठ्ठी नंतरच्या गटात निघाली होती. मी "हो, मिळेल" म्हणून बसले. परतीच्या एसटीत यादीवर व्हाइटनर लावून तिचं नाव वर घेतलं आणि वरचं एक नाव खाली टाकलं. संख्या सारखीच राहिली. कुणाला काय कळणार होतं?

तीन महिन्यांनी तुमच्याच ओट्यापाशी कॅल्क्युलेटरवर हिशेब केला. फरक योगायोगाचा नाही असं म्हणण्यापुरता आला, पण अगदी काठावर; एक नाव इकडचं तिकडे झालं तरी गेला असता. तुम्ही खाकी कव्हर घातलेलं तुमचं यादृच्छिक अंकांचं, कसलाच क्रम नसलेल्या आकड्यांचं पुस्तक माझ्या हातात दिलंत, "आता हे तुझं" म्हणालात. तेव्हा सांगायला हवं होतं. मी वाकून नमस्कार केला. पदवी, नोकरी, मांजलपूरचा हा फ्लॅट, सगळं त्या नमस्कारानंतरचं. तुम्ही गेलात तेव्हाही मी जवळच होते, तरी नाही बोलले. काल आलेली पोरगी माझ्याहून धीट निघाली आणि मी तिलाच झापलं. तिला फोन करायला हवा. सकाळपासून तीनदा उचलला आणि ठेवला.

शेवटी जुनी फाईल काढली. हे पत्र तुमच्या त्या पुस्तकात ठेवणार आहे, दुसरं कुठे ठेवू? ओढणी धरणारीचे डोळे मला आजही दिसतात. तिचं रक्त छान वाढलं होतं. खालच्या यादीत, व्हाइटनरवर, माझ्याच अक्षरात त्या दुसरीचं, मी खाली टाकलेलीचं नाव आहे. तिचं रक्त उतरलेलं आहे. नाव मी चारदा वाचलं, बाई, चेहरा काही आठवेना. मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.