पाटावरचा व्हिडिओ गेम

बाबा, आज खंडेनवमी आहे आणि मी पाट मांडलाय. जर्मनीत, त्सुफेनहाउझेनमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघरातल्या खिडकीखाली. झेंडू मिळाला नाही, म्हणून बाल्कनीतल्या कुंडीतली पिवळी शेवंती वाहिली. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतं आणि भांडण्यासारखं इतकं होतं की सुरुवात कुठून करावी तेच कळत नव्हतं. आज करते. मध्येच हात वर करून 'पुरे' म्हणायची सोय तुम्हाला नाही, याचं मला खरंच फार बरं वाटतंय.

तुम्हाला ती खंडेनवमी आठवत नसणार. करणाऱ्याला कुठलं आठवायला! मी सातवीत आहे. स्कॉलरशिप मिळाली म्हणून मामानं मुंबईहून मला व्हिडिओ गेम आणलाय, टीव्हीला जोडायचा पांढरा-तांबडा डबा, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेट चालली नाही की बाहेर काढून तिच्यात फुंकर मारायची, हे शास्त्र मला मामानंच शिकवलं. चिंचवडच्या कॉलनीत आपल्या घरी तुम्ही पाटावर तुमची हत्यारं मांडलीत, मखमलीच्या पेटीतला मायक्रोमीटर, व्हर्निअर, आणि शर्टाच्या खिशात बारा महिने असणारा तो पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर. आईची विळी, दादाची कंपासपेटी. आपण ज्यावर वर्षभर काम करतो ते पूजेला ठेवायचं, असं तुम्हीच सांगायचात. मग मी माझा डबा ओल्या फडक्यानं पुसला, वायरी नीट गुंडाळल्या, व्हर्निअरच्या शेजारी ठेवला आणि त्याला हळदकुंकू लावलं. बोटं किती ठाम होती माझी, ते मला अजून आठवतं.

तुमच्या कारखान्याच्या टूलरूममधली पाच-सहा माणसं पेढे खायला आली होती. तुम्ही आंघोळ करून बाहेर आलात, पाटाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "हे इथं कुणी ठेवलं?"

"मी."

"हे हत्यार आहे?"

तुम्ही डबा दोन बोटांनी उचललात, जणू त्यावर पाल बसलीय, आणि कॉटन वेस्टच्या बोळ्यानं त्याच्यावरचं कुंकू पुसलंत, मशीनवरचं ग्रीस पुसावं तसं. मग तो पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिलात. "उघड. उघडून परत जोडलास तर ठेव पाटावर."

उघडला हो मी! चारही स्क्रू काढले. झाकण उचललं तशी बटणाखालची स्प्रिंग टुणकन उडाली आणि कुठं गेली ती गेलीच. मी चटईखाली, कपाटाखाली, लोकांच्या पायांमध्ये रांगत शोधतेय आणि सगळे हसताहेत. "साहेब, पोरीला टूलरूममध्ये भरती करा!" कुणीतरी म्हणालं. तुम्हीही हसलात. मग हसू आवरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "ज्याला स्क्रू आहे आणि तो तुला उघडून परत लावता येत नाही, ते तुझं नाही." तुमचं हे वाक्य मी तीस वर्षं वागवतेय. चिडून, पण वागवतेय.

तेवढ्यावर थांबला असतात तर मी कधीच विसरून गेले असते. पण तुम्ही तो डबा कारखान्यात नेलात, दुपारच्या सुट्टीत नवी स्प्रिंग वळून बसवलीत, चालू केलात आणि खालच्या मजल्यावरच्या मुलीला देऊन टाकलात. "घरात पडून होता," असं सांगितलंत तिच्या आईला. माझं नावसुद्धा घेतलं नाहीत. त्यानंतर रोज शाळेतून आल्यावर जिना चढताना मला त्या कॅसेटचं टुणटुण संगीत ऐकू यायचं. माझ्या गेमचं, तिच्या घरातून. आई म्हणायची, "जाऊ दे गं, अभ्यासात लक्ष घाल." घातलं लक्ष. इतकं घातलं की पुढे जे केलं ते सगळं तुमच्यावर दात ओठ खाऊनच केलं.

तुमच्या तेराव्याला आले तेव्हा दादा तुमची हत्यारं वाटून घ्यायला बसला होता. मी फक्त तो स्क्रूड्रायव्हर मागितला. सगळ्यांचे डोळे भरून आले, लेकीची माया म्हणून. कसली माया! मी तो इकडे आणून इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या आमच्या सामानाच्या खोलीत, ओल्या भिंतीशी टाकला. गंजावा म्हणून. दर खंडेनवमीला मी लॅपटॉप मांडते, सुरी मांडते, नवऱ्याचा सायकलचा पाना मांडते आणि तुमचं हत्यार खाली अंधारात राहतं. अकरा वर्षं हा माझा नेम होता आणि तो मी कधी चुकवला नाही.

आता माझा खरा सूड ऐका. मी इथं एका कंपनीत इंटरनेटवरून गेम चालवायच्या सेवेवर काम करत होते. तुम्हाला समजेल असं सांगते. गेमचा डबा घरात नसतोच. खेळ चालतो फ्रांकफुर्टच्या एका मोठ्या दालनात, हजारो मशीनमधल्या कुठल्यातरी एकावर. तिथून घरी नुसतं चित्र येतं आणि घरून तिकडं नुसतं बटण जातं. बटण दाबणं आणि पडद्यावर उडी दिसणं यांत जो क्षण जातो, तो छाटत राहणं हे माझं काम. तुम्ही मायक्रॉन मोजायचात, मी मिलिसेकंद. पहिल्यांदा ऑफिसात तो प्रयोग जमला, समोर टीव्ही आणि हातात फक्त कंट्रोलर, तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी मनात म्हणत होते, घ्या बाबा! आता काय उचलाल दोन बोटांनी? काय नेऊन द्याल खालच्या मजल्यावर? जगातल्या कुठल्याही बापाला हात लावता येणार नाही, असा डबा केला मी. डबाच ठेवला नाही!

लोक विचारायचे, यानं कन्सोल खरंच जातील का? मी छाती ठोकून सांगायचे, पाच वर्षांत भंगारात. गावाकडं तार धड नाही, रविवारी संध्याकाळी अख्खी इमारत सिनेमे बघायला बसली की आमच्या चित्राचे चौकोन पडायचे, फायबरवाला येणार म्हणून लोक वर्ष वर्ष वाट बघायचे. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी सांगायचे. तुम्हाला ऐकवत होते ना!

माझी लेक आता बारा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर देते जर्मनमध्ये. तीन वर्षं ती आमच्या सेवेवर एक शहर बांधत होती. नदी, नदीवर सात पूल, ट्रामच्या ओळी, आणि डोंगरावर एक घर, त्यात आजीसाठी खोली. दोन वर्षांपूर्वी खंडेनवमीला मी तिला म्हटलं, तुझंही हत्यार आण. ती कंट्रोलर घेऊन आली आणि पाटापाशी थबकली. "आई, आणि गेम कुठाय?" मी म्हटलं, फ्रांकफुर्टला. "आल्झो, मग पूजेला फ्रांकफुर्टला जायचं?" मी पोट धरून हसले आणि राउटरला कुंकू लावलं. तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

यंदा वसंतात वरच्या लोकांनी मीटिंग घेतली. गिऱ्हाईक पुरेसं नाही, सप्टेंबरअखेर सेवा बंद. मशीन कुठल्या क्रमानं बंद करायची त्याची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. बाहेर बोलायचं नाही अशी ताकीद होती, पण घरातल्या बारा वर्षांच्या मुलीला सांगायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी सांगितलं नाही, बाबा. पाच महिने. ती मला नवा पूल दाखवायची आणि मी "वा, छान" म्हणायचे. सांगितलं असतं तर मोठ्यानं कबूल करावं लागलं असतं की त्या शहराचा एक स्क्रूसुद्धा आमच्या घरात नाही. आणि तुम्ही कुठूनतरी हसला असतात.

ऑगस्टमध्ये गिऱ्हाइकांना मेल गेला. मी पोळ्या लाटत होते. ती टॅबलेट घेऊन दारात उभी राहिली. "वुस्टेस्ट डू दास?" तुला माहीत होतं? मी लाटणं थांबवलं नाही. "हो."

"कधीपासून?"

"मार्चपासून."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी पण ओरडले असते, सवय आहे. तिला तुमची आणि डब्याची गोष्ट माहीत आहे. तुम्ही किती दुष्ट होतात हे सांगायला मीच ती दहा वेळा सांगितलीय. ती जे जर्मनमध्ये बोलली ते मराठीत लिहिते, तुम्हाला कळावं म्हणून. "तुझ्या बाबांनी निदान तो दुरुस्त केला आणि कुणालातरी दिला. माझं शहर तू कुणाला दिलंस?"

तव्यावरची पोळी करपली. नवऱ्यानं येऊन गॅस बंद केला. मला तुमचा इतका राग आला की सांगता सोय नाही. तीस वर्षं तुम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं आणि माझ्या पोटच्या पोरीनं तुमची बाजू घेतली, तीही बरोबर! तिचं शहर वाचवता येतं का म्हणून मी नंतर धडपडले. गेमवाल्यांना लिहिलं, आमच्या लोकांच्या मागे लागले. नाही. ते शहर फक्त त्याच मशीनवर उभं राहत होतं आणि मशीन भाड्याची होती, परत जाणार होती. शेवटच्या दिवशी ती सातव्या पुलावर जाऊन उभी राहिली आणि पडदा काळा होईपर्यंत तिनं कंट्रोलर खाली ठेवला नाही. तो काळा करणाऱ्या यादीवर माझं नाव होतं. त्यानंतर तीन आठवडे ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

गेल्या शनिवारी मी तिला बळेच फ्लोमार्क्टला, जुन्या वस्तूंच्या बाजारात, घेऊन गेले. एक बाई जुना कन्सोल विकत होती, सीडीवाला, तिच्या मोठ्या झालेल्या मुलाचा. चालतो का विचारलं तर म्हणाली, कधी चालतो कधी नाही. घरी आणला. नाहीच चालला. लेक म्हणाली, "गेनाऊ. टिपिकल." म्हणजे, वाटलंच होतं. मी डबा पालथा केला. खाली सहा स्क्रू, साधे, फुलीवाले. घरातला एकही स्क्रूड्रायव्हर आत नीट पोचेना. मग मी केलरमध्ये गेले.

गंजलाय, पण टोकाला थोडासाच. चांगलं पोलाद होतं, तिथंही तुम्ही माझं चालू दिलं नाही. मुठीवर तुमच्या अंगठ्याची झीज तशीच आहे. मी तो तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "उघड." एवढं म्हटलं आणि जीभ चावली. मग खाली बसले, तिच्या शेजारी जमिनीवर, पांढरी चादर अंथरली, स्क्रू ठेवायला वाटी आणली. प्रत्येक स्क्रू कुठला ते तिनं कागदावर मांडून ठेवलं. तुम्हाला चादर अंथरायला काय झालं होतं हो? एक चादर!

धूळ काढली, सीडी वाचणारं भिंग पुसलं, परत जोडला. एक स्क्रू उरला तरी डबा चालू झाला. ती इतक्या जोरात किंचाळली की खालच्या मजल्यावरच्या आजींनी काठीनं छत ठोकलं.

आज पाटावर माझा लॅपटॉप आहे, तो डबा आहे आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तुमचा स्क्रूड्रायव्हर आहे. माफ केलं असं समजू नका. तिला तो लागतो म्हणून आहे. हे पत्र घडी करून डब्यात ठेवणार होते, पण त्याच्या आतल्या पंख्यात अडकेल. रद्दीत जाईल. तिला तशीही देवनागरी वाचता येत नाही.

एक मात्र सांगून टाकते. कुंकू लावताना मी तिला म्हटलं, "जे आपल्याला उघडता येतं आणि परत जोडता येतं, ते आपलं." तिला फार आवडलं. "असं कोण म्हणायचं, आजोबा?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "छे! कुणी नाही. घरात पडून होतं." तुमचं नावसुद्धा घेतलं नाही, बाबा. वाक्य तुमचंच, पण तुम्ही माझा डबा दिलात तसंच दिलं. दुरुस्त करून.