तेरा दिवस

भोकर, ७ ऑक्टोबर २०२५

ती. गुणाआत्यास, ऋतुजाचा वाकून नमस्कार.

सासूबाईंचं बोट कॅलेंडरवर मागे मागे सरकत गेलं आणि एकवीस ऑगस्टवर थांबलं. पोळ्याचा आदला दिवस. त्या दिवशी वीरेश बोअर पाडायच्या गाडीवरच्या कामावरून अडीच महिन्यांनी घरी आले होते. तिथून बोट आठवडे मोजत आजपर्यंत आलं. पावणेसात भरले. दुसऱ्या हातात माझं दवाखान्याचं कार्ड होतं. त्यावर साडेआठ लिहिलंय. सासूबाईंनी कार्ड पिठाच्या डब्यावर ठेवलं आणि भाकरी थापायला बसल्या.

तर बातमी ही अशी आहे, आत्या. तुला ती नीट, पेढ्यासोबत कळायला हवी होती. पण तुझ्या कानाला फोन लावून ओरडले असते तर आधी सगळ्या देवणीला कळली असती.

दवाखान्यात रक्त घेतलं. रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, आणखी दोन-तीन तपासण्या. लघवी तपासली, बीपी, वजन झालं. फॉलिक अॅसिडची गोळी रोज एक. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस विचारला. मी आठ ऑगस्ट सांगितला. त्यावरून त्यांनी पंधरा मे ही तारीख काढून दिली. आठ ऑगस्टला वीरेश विजापूरकडे होते. हे तेरा दिवस कुठून आले ते विचारायचं सुचलंच नाही. दारात रांग होती आणि शेजारी सासूबाई.

तेव्हापासून त्या माझ्याशी फक्त कामाचं बोलतात. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस. तूच सांग, कार्ड चुकलं की मी वेडी झाले?

तुझी,
ऋतुजा


देवणी, १२ ऑक्टोबर

चि. ऋतुजास गुणाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि आधी गोठ्यात गेले. भिंतीवर कोळशानं तारखा लिहिलेल्या असतात, तुला ठाऊक हाय. चंद्रीला वळू दाखवला तो दिवस, तिथून नऊ महिने नऊ दिवस. एक-दोन दिवस इकडंतिकडं, बाकी चूक न्हाई. तुझंबी तसंच मोजलं. एकवीस ऑगस्टपासून. मे महिन्याची तीस तारीख आली. म्हणलं, ही डॉक्टरीण गाईच्या दवाखान्यात शिकली असती तर बरं झालं असतं.

मग तुझं पत्र पदरात बांधून सरोजिनी सिस्टरकडं गेले. ती उपकेंद्रातून रिटायर झाली, तरी गावातल्या निम्म्या लेकरांच्या तारखा तिला तोंडपाठ. तिनं पाटीवर लिहून दाखवलं, कारण मला ऐकू येत न्हाई आणि तिला ओरडायचा कंटाळा. गर्भ नेमका कधी राहिला ते कुणालाच सांगता येत न्हाई. पाळी आली तो दिवस मात्र बाईला पक्का माहीत असतो. म्हणून सगळीकडं तिथूनच मोजतात. चाळीस आठवडे. त्यातले पहिले दोन आठवडे पोटात काहीच नसतं. तरी धरायचे.

मी म्हणलं, नसलेलं लेकरू कसं मोजता? ती लई हसली. मग मलाबी उमगलं. गाईला पाळी विचारता येत न्हाई, म्हणून तिचं वळूपासून. बाईला विचारता येतं. तेरा दिवस तिथले हायत, पोरी. कार्ड बरोबर, तू बरोबर, मीच गोठ्यात उभी राहून मोजलं.

अकरा ते चौदा आठवड्यांच्या मधली सोनोग्राफी चुकवू नको, असं तिनं दोन रेघा मारून सांगितलंय. तेव्हा बाळाची लांबी मोजून तारीख पक्की करतात आणि सुरुवातीची तपासणीबी होते. तीन महिने सरले की लोहाच्या गोळ्या लागतील. चहासोबत घेऊ नको.

आता हे सगळं सासूपुढं बोल. गप्प राहिलीस तर मी पहिल्या गाडीनं येऊन राहीन, आणि मी किती मोठ्यानं बोलते ते तुला ठाऊक हाय.

लोभ हाय, तो वाढव.
गुणाआत्या


भोकर, २४ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. वीरेशना फोनवर वाचून दाखवलं, तर गोठ्याच्या भिंतीचा मजकूर आला तसे ते इतके हसले की मलाच राग आला. आईशी मी बोलू का, असं विचारत होते. मी नको म्हटलं. माझं मीच बोलायचं ठरवलं होतं.

पण जमलं नाही. मी आठवड्यांचा विषय काढला की सासूबाई उठून आत जातात. दिवाळीत तर वाईटच झालं. शेजारच्या नागुबाई ओट्यावर बसून करंज्या खात होत्या. कार्डावरचे आठवडे त्यांच्या कानावर गेले होते. खाता खाता म्हणाल्या की यंदा पोळा पंधरा दिवस आधीच आला होता काय. सगळ्या बायका हसल्या. सासूबाईंनी हातातलं ताट खाली टेकवलं. त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

मंगळवारी नांदेडला सोनोग्राफी आहे. मी शेजारची मैत्रीण साक्षी हिला सोबत घेणार होते. आज सासूबाई म्हणाल्या की त्या स्वतः येणार, डॉक्टरांना त्यांनाच काही विचारायचंय. काय विचारायचंय ते सांगत नाहीत. आत्या, या घरात मी पुढं कशी राहणार ते त्या दिवशी ठरेल असं वाटतंय. सोनोग्राफीची भीती नाही. त्या प्रश्नाची आहे.

तुझी,
ऋतुजा


भोकर, २८ ऑक्टोबर

गुणाबाई विहीणबाईंना महादेवीचा शरणार्थ.

आपलं माझं पत्र कधी झालं नाही. आज मीच लिहिते, ऋतुजाला लिहू दिलं नाही.

बाळ ठीक आहे. लांबीवरून अकरा आठवडे पाच दिवस निघाले. कार्डाप्रमाणे अकरा आणि चार. एका दिवसाचा फरक धरत नाहीत म्हणे, तारीख पंधरा मेच राहिली. हृदयाचे ठोके ऐकले. मी चप्पल बाहेर काढायची विसरले होते.

तपासणी संपल्यावर मी प्रश्न विचारला. ऋतुजाचा चेहरा पांढरा पडला होता. प्रश्न तिचा नव्हता. माझं लग्न बारा मे शहाण्णवचं. वीरेश दोन फेब्रुवारीचा. माझ्या सासूबाईंनी लग्नापासून नऊ महिने नऊ दिवस मोजले आणि एकोणीस दिवस कमी भरले. त्यांनी तोंडानं कधी काही विचारलं नाही. मरेपर्यंत प्रत्येक बारशाला मला ऐकवून बोटं मोजायच्या. मला स्वतःला खात्री होती, पण हिशेब जुळत नव्हता. ऋतुजाचं कार्ड हातात घेतलं तेव्हा माझंच बोट त्यांच्यासारखं चालताना दिसलं. मग तिच्या डोळ्याला डोळा भिडवता येईना.

डॉक्टरांनी कागदावर मांडलं. लग्नाच्या आधीचे पाळीचे दोन आठवडे धरले. वीरेश चाळीस आठवड्यांचा निघाला. एक दिवस कमी नाही, एक जास्त नाही. मी तो कागद मागून घेतला.

बसमध्ये ऋतुजाला हे सगळं सांगितलं. तिनं तुमची गोठ्याची भिंत सांगितली. मुदखेड येईपर्यंत आम्ही दोघी हसत होतो. कंडक्टरनं दोनदा मागं वळून पाहिलं.

पोर तुमची आहे, पण आता थोडी माझीही म्हणा. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यावर माझं काही म्हणणं नाही. डोहाळजेवण मात्र इथं होईल आणि आठवडे मी मोजणार. तुम्ही गाईंचे मोजा. स्नेह असू द्या.

आपली,
महादेवी

ता. क. २९ तारीख, सकाळ. नागुबाई ताक मागायला आल्या. मी त्यांचं बोट कॅलेंडरच्या आठ ऑगस्टवर ठेवलं आणि कालपर्यंतचे आठवडे मोठ्यानं मोजून घेतले. दोनदा चुकल्या. तिसऱ्यांदा जमलं. मग ऋतुजानं ताक दिलं.