डाव्या हाताची कानस

१२ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला गेला का? इकडे आम्ही सगळे मजेत. फोन सोडून पत्राचं खूळ कुठून काढलं, असं म्हणशील. फोनवर तू विषय बदलतेस आणि मी बदलू देते, म्हणून.

आधी तुझ्या लेकीची चहाडी करते. शनिवारी ती मैत्रिणीकडे गेली नव्हती, माझ्या वर्कशॉपमध्ये आली होती. "मावशी, आईला सांगू नकोस हं," म्हणाली. मी म्हटलं, "सांगणार." सांगितलं.

महिन्यातला एक शनिवार आम्ही बायकांसाठी ठेवतो, हे मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. बंद बूट घालून यायचं आणि दर टेबलावर तासभर हात चालवून बघायचा. वेल्डिंग, नळजोडणी, वायरिंग आणि कानशीने लोखंड घासून जुळवायचं माझं फिटिंग. पूर्वी मी सुरुवातीला भाषण ठोकायचे. निम्म्या जणी जांभया द्यायच्या. आता सरळ हातात हत्यार देते. हातमोजेही या वर्षी बायकांच्या मापाचे आलेत. नाहीतर इतकी वर्षं आम्ही अस्वलांसारख्या दिसायचो.

या वेळी एकोणीस जणी आल्या. त्यांत शाळेतून निवृत्त झालेली एक शिपाईबाई होती. पहिल्याच प्रयत्नात तिने वेल्डिंगची अशी सरळ रेघ ओढली की आमचा वेल्डर काच वर करून बघत राहिला. ती म्हणाली, "चाळीस वर्षं घंटाच वाजवली रे बाबा. लोखंड जोडता येतं, हे मला कुणी बोललंच नाही."

तुझी लेक वायरिंगच्या टेबलावरून हलेना. तिचं डोकं तिथेच चालणार, लिहून ठेव. ओढून आणली तेव्हा कुठे माझ्या टेबलाशी आली. आली ती खिशातून एक लोखंडाचा तुकडा काढून. तुझ्या शिलाई मशीनचा खटका. जुन्या बिजागरीतून तू घासून काढलास तो.

मोठे सर तिथेच होते. आपली परीक्षा घेतली होती तेच. निवृत्त झाले तरी शनिवार चुकवत नाहीत. त्यांनी खटका गुण्याच्या काटकोनात लावला आणि खिडकीकडे धरला. मधून जरासुद्धा उजेड दिसेना. त्यांनी विचारलं, "कुठल्या कारखान्यातला?"

"आईने केलाय," लेक म्हणाली. "शिवणाच्या टेबलाच्या कडेला दाबून धरते आणि घासते. आमच्या गल्लीतल्या सगळ्या मशिनी आईच बघते."

मग मी कानस कशी धरायची ते दाखवायला लागले. ती बघत राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मावशी, तू लिहितेस उजव्या हाताने, मग कानस डाव्या हाताने का? आई तर म्हणते, आपल्या घरात डावखुरी ती एकटीच."

मी म्हटलं, "सवय." आणि टेबलावरचा कीस झाडत बसले. नव्हता फारसा, तरी झाडत बसले.

ताई, तुला ठाऊक आहे. तरी मला ते एकदा माझ्या हाताने लिहू दे.

त्या वर्षी इथे फिटिंगच्या वर्गात मुलींसाठी जागा एकच होती आणि आपण दोघी. लोखंडाचा चौकोन घासून खाचेत बसवायचा होता. तुकड्यांवर आपापले नंबर ठोकायचे ते जमा करताना. तुझा तासाभरात झाला आणि तू पाणी प्यायला गेलीस. माझ्या चौकोनाच्या कडेने अख्खी खिडकी दिसत होती. मी दोन्ही तुकड्यांची अदलाबदल केली. बस, एवढंच. श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ.

तू परत आलीस, तुकडा उचललास, अंगठा फिरवलास. कानशीच्या रेघा उजवीकडे झुकलेल्या की डावीकडे, हे तुला न बघता कळतं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि माझा तुकडा स्वतःचा म्हणून जमा केलास. घरी जाताना म्हणालीस, "मला नाहीतरी तेलाचा वास सोसत नाही." तू! मशीनच्या तेलाची बुधली नाकाशी धरून बसायचीस ती.

दुसऱ्या दिवशी सरांनी रेघा बघून विचारलं, "डावखुरी का गं तू?" मी हो म्हटलं. मग वर्षभर डाव्या हाताने शिकले. बोटं सोलली, पण शिकले. पुढे तोच हात पक्का झाला. इथे मला पाठीमागे 'डावऱ्या बाई' म्हणतात.

काल सरांना सगळं सांगितलं. ते हसले. "मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. डावखुरा माणूस झाडू उजव्या हाताने मारत नाही. म्हटलं, उलट्या हाताने शिकायची जिची तयारी आहे, तिला काढू कशाला?" मला मात्र हसू आलं नाही. मग तेही थांबले. म्हणाले, "पण दुसरीला विचारायला हवं होतं मी. चुकलंच."

तर आता विचारतो आहोत. पुढच्या महिन्यात बायकांची सहा महिन्यांची तुकडी सुरू होते आहे, रोज दुपारी. वयाची अट नाही. जागा बारा, अकरा भरल्या. बाराव्या जागेसाठी परीक्षा येत्या शनिवारी सकाळी दहाला. तोच चौकोन, तीच खाच. मी त्या दिवशी टेबलाजवळही फिरकणार नाही, सर बघतील. तुझ्याशिवाय आणखी दोघींचे अर्ज आहेत. हो, तुझा अर्ज तुझ्या लेकीने भरलाय. सहीची जागा मोकळी आहे. या वेळी ती तुझ्यासाठी कुणी भरणार नाही.

हे परतफेड म्हणून नाही. तेवढी मोठी जागा माझ्याकडे नाही. तू मला माफ कर असंही म्हणत नाही. रागवायचं असेल तर समोर येऊन रागव, सव्वीस वर्षांचं एकदम. पण यायचं नसेल, तर तेलाच्या वासाचं कारण सांगू नकोस. त्यावर विश्वास ठेवायचं सोंग मी खूप वर्षं केलं.

बंद बूट घाल. बाह्या सुती असू देत. पाण्याची बाटली मी तुझ्या जागेवरच ठेवायला सांगते, म्हणजे तुला उठावं लागणार नाही.

हे पत्र उजव्या हाताने लिहिणारी,
तुझी धाकटी