झेललेली ओळ

४ जानेवारी १९९४
नेरूळच्या घरात एकदाचं बस्तान बसलं. पुढच्या खोलीत माझं क्लिनिक. एक दिवाण, एक खुर्ची, दारावर ‘ऋता, मनोविश्लेषक’ अशी पाटी. शेजारीण विचारून गेली, हातही बघता का? माझा नवरा नंदकिशोर म्हणतो, तुमच्या शास्त्राचं बरं आहे, कशाचंही खापर आईच्या डोक्यावर फोडायचं. आमची दीड वर्षाची ईश्वरी दिवाणावर चढून “चिऊ, पंका, आई” असा कारखाना चालवत होती. रोज नवा शब्द. मला तर तिच्यापेक्षा जास्त आनंद होतो.

१७ जानेवारी
पहिली खरी पेशंट. दिवाळे गावच्या मालतीबाई, लग्नात धवले गाणाऱ्या धवलारीण. स्वतःच्या मुलीच्या हळदीला धवला म्हणत होत्या, अर्ध्यात बातमी आली की पोरगी खाडीत गेली. तेव्हापासून बोलणं बंद. नुसती तीच चाल गुणगुणतात, शब्दांशिवाय, आणि अर्ध्या ओळीवर थांबतात. हे सगळं त्यांच्या जावेने, जाईबाईंनी सांगितलं.

आमचं शास्त्र म्हणतं, बाळ आधी आईचे शब्द नाही, तिचा सूर ऐकतं. गाणारा काय, ऐकणारा काय, दोघं त्या शब्दांआधीच्या आईकडे परत जायला बघतात. मालतीबाई तिथे गेल्या आणि अडकल्या. मला केस अगदी सोपी वाटली.

२ फेब्रुवारी
आम्ही गप्प बसून ऐकायचं असतं. पण आज राहवलं नाही. त्या थांबल्या तिथून पुढची ओळ मीच गुणगुणले. कुठून सुचली कोण जाणे. मालतीबाईंनी माझा हात धरला आणि बोलल्या, “झेललास, बाय. आता तो तुज्या घरचा हाय.”

धवल्यात एकीने ओळ टाकायची, दुसरीने झेलायची. किती नेमका शब्द आहे. यावर मी लेख लिहिणार. संध्याकाळी पेढे आणले.

११ फेब्रुवारी
चाल डोक्यातून जात नाही. भाजी चिरताना, आंघोळ करताना, तीच. आज चहा गाळायचं ते— त्याचं नाव आठवेना. नंदकिशोर हसला. मीही हसले, पण मनातून घाबरले.

२० फेब्रुवारी
दिवाळ्याला गेले. तोंडातून चालच येत होती, म्हणून हातवारे केले. परत घ्या. मालतीबाई रडल्या. म्हणाल्या, चाल आठवतच नाही. जाईबाई म्हणाल्या, ज्याने धवला टाकला तो विसरतो, आणि दुसऱ्याने झेलल्याशिवाय धवला उतरत नाही. मी कुणाला— नाही. कुणालाच नाही.

२३ फेब्रुवारी
तोंडात पदर— तरी नाकातून येते. ईश्वरी ऐकते. नंदकिशोरला खूण केली, हिला लांब— दूर— त्याला वाटलं मला ताप. औषध दिलं. तिला माझ्याच जवळ—

२६ फेब्रुवारी
सकाळी उठले ती डोकं स्वच्छ. गाळणी, सांडशी, किसणी, सगळे शब्द जागेवर. चाल गेली. आनंदाने ईश्वरीला हाक मारली.

ती दिवाणावर बसून गुणगुणत होती.

आई म्हण, म्हटलं. आई म्हण ना ग. नुसती चाल. झोपेत मी टाकली असणार, हिने झेलली.

अर्ध्या ओळीवर थांबते आणि माझ्याकडे बघते. झेलते हं, राजा, आत्ता झेलते. मीच तर केली होती पुढची ओळ. अशी होती— नाही, अशी—

परत थांबली. बघतेय. थांब बाळा, आठवतेय मी, पुढचं मला—