मीठ बघायचा एकच चमचा

धाकटे जाऊबाई,

आशीर्वाद लिहीत नाही, तू घेणार नाहीस.

सहा वर्षं माझं पोट जळलं आणि मी तुझ्या फोडणीच्या नावाने खडे फोडले. “ही बाई मला तिखटाने मारणार!” असं मी आपल्या खानावळीत भर गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, म्हणून तू सोडून गेलीस. त्यानंतर वर्षभर मी नुसता मऊ भात खाल्ला, तरी जळजळ तिथेच.

परवा डॉक्टरीणबाईंनी मला एका पिशवीत फुंकायला लावलं. म्हणाल्या, “मावशी, जठरात जंतू आहेत. त्यांनीच आतून सूज आणलीय. तिखटाने नाही.”

मी म्हटलं, “तिखटानेच असेल, नीट बघा.”

त्या हसल्या. चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि विचारलं, “कुणाचं उष्टं खाता का?”

“शी! कुणाचंच नाही.”

घरी येऊन रस्सा ढवळताना आठवलं. मीठ बघायला आपला एकच चमचा होता. आधी मी चाटायचे, मग तोच तुझ्या तोंडात कोंबायचे. पुढे तुझंही पोट जळायला लागलं, तेव्हा मी म्हणाले, “मत्सराने जळतंय.”

हे पत्र पाठवत नाही, तू न वाचताच फाडशील. उद्या सकाळी स्वतःच येते. दार उघड, तुला फुंकायला न्यायचंय. नाही उघडलंस तर पायरीवर बसून ओरडेन, माझा आवाज तुला ठाऊक आहे.

नवे दोन चमचे घेतलेत. तू गेल्यापासून रश्श्याला मीठ नीट पडत नाही.

तुझी तोंडाळ,
थोरली