खुर्चीतली उधई, बांधावरची उधई

बाई, काल इथे जळगावात मी वर्गात वाळवी, आपली उधई, शिकवली आणि दिवसभर तुम्ही डोळ्यांसमोर होतात. चोपड्याच्या कॉलेजातली ती प्रयोगशाळा, दुपारची वेळ. टेबलावर तुम्ही एका जुन्या खुर्चीचा पोखरलेला पाय ठेवलाय, शेजारी शेताच्या बांधावरून आणलेलं वारुळाचं ढेकूळ. आणि दारात आबा, माझे वडील. लग्न ठरवायचं म्हणून ते मला वसतिगृहातून कायमचं न्यायला आलेत. मी मान खाली घालून उभी.

तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाहीत. बसवलंत, चहा दिलात, मग हातात भिंग दिलंत. खुर्चीतली उधई कोरड्या लाकडातच राहते, तेच खाते, मातीशी तिचा संबंध नाही. खसखशीसारखी विष्ठा तेवढी बाहेर ढकलते. बांधावरची मात्र मातीचे बोगदे करत लांबवर जाते, काडीकचरा खाऊन येते आणि वारुळात त्यावर बुरशी पिकवते. स्पंजासारखा तो बुरशीचा मळा बघून आबा हरखलेच. "उधई बी शेती करस!" मग तुम्ही सांगितलंत की वारुळातली कामकरी जन्मभर कामकरीच राहते. लाकडातल्या उधईत वेगळे कामकरी नसतातच, वाढती पिल्लंच सगळी कामं करतात, आणि त्यांतलं एखादं पुढे राणीही होऊ शकतं.

आबांनी भिंग खाली ठेवलं. "मंग आमनी पोर यामा कोनती शे, बाई?"

मला वाटलं, तुम्ही राणी म्हणाल. तुम्ही म्हणालात, "आबा, ती उधई नाही. तिला तोंड आहे, तिलाच विचारा."

घरात तोवर मला कुणी काही विचारलं नव्हतं. आबा माझ्याकडे वळले. "तुले शिकनं शे का, माय?" मी नुसती मान हलवली. "बोलीसन सांग." मी सांगितलं. त्या दिवशी एसटीने ते एकटेच गावी परतले. पुढे भाऊबंदांनी त्यांना काय काय ऐकवलं, ते मला फार उशिरा कळलं. त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही.

तुम्हाला जाऊनही आता किती वर्षं लोटली. हे पत्र कुठे टाकू? पण एक सांगायचं राहून गेलंय. इतकी वर्षं उधई शिकवतेय, तरी ती मऊ, पांढरी वळवळ तळहातावर चढली की मला अजून किळस येते. मुली बघत असतात, म्हणून हात झटकत नाही, एवढंच.