सहा खिडक्या

३ ऑगस्ट, रविवार
बाबा गुडघ्याच्या ऑपरेशनला आजही नाही म्हणाले. गुडघा ठणठणीत आहे म्हणे! हे सांगायला खुर्चीवरून उठले, उठताना टेबलाला धरलं, टेबल हललं, माझा चहा सांडला. हाडांचे डॉक्टर म्हणाले होते, आणखी वर्षभर टाळलंत तर चालणंच बंद होईल. बाबांचं उत्तर — डॉक्टरांचं दुकान चालायला हवं ना!
मी हात टेकले.

४ ऑगस्ट
पैज लागली. किनाऱ्यावरच्या जुन्या किल्ल्यातलं दीपगृह, एकशे अठरा पायऱ्या. बाबांनी चढायच्या. दोनदा थांबलेलं चालेल, तिसऱ्यांदा थांबले की ऑपरेशन. जागा त्यांनीच सुचवली! मी अटी कॅलेंडरच्या मागे लिहून सही घेतली. परीक्षा विभागात नोकरी करते; तोंडी कबुलीवर माझा विश्वास नाही.

५ ऑगस्ट
भाजी आणली. हल्ली पिशव्या जड भरतात. जिन्यात दोनदा टेकवल्या.

९ ऑगस्ट, शनिवार
सकाळपासून धो धो. पैज पुढे ढकलू म्हटलं, तर बाबा छत्री घेऊन दारात उभे.
किल्ला म्हणजे एक लांबलचक काळी भिंत, चार गंजलेल्या तोफा आणि ‘तोफेवर बसू नये’ असे चार फलक. कोणी बसलं नव्हतं. तिकीट देणाऱ्याने आमच्याकडे दयेने पाहिलं. आज वर जाऊन काही दिसणार नाही म्हणाला.
“आम्ही बघायला नाही आलो,” मी म्हणाले. त्याने दोन तिकिटं फाडून दिली.
जिना गोल, अरुंद, ओला. बाबा पुढे, मी मागे — पडले तर धरायला. माझ्या पिशवीत पाणी, त्यांच्या गोळ्या, मलम आणि घडीची खुर्ची. पहिल्या खिडकीशी बाबा थांबले. “बघ, समुद्र.” बाहेर नुसतं पांढरं. दुसऱ्या खिडकीशी त्यांना होडी दिसली. कसली होडी! तिसऱ्या खिडकीशी मी निकाल सांगायला तोंड उघडलं, पण मलाच दम लागला होता. त्या खुर्चीपायी. तीन बोटं दाखवली. त्यांनी मान डोलावली आणि माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.
पिशवी गेली तरी दम जाईना. दमट हवा, दुसरं काय. चौथी, पाचवी, सहावी — एकही खिडकी सोडली नाही त्यांनी. आरामात उभे राहायचे आणि धुकं बघायचे.
वर पोचल्यावर मी म्हणाले, “नापास.”
त्यांचं तोंड पडायला हवं होतं. नाही पडलं! मंगळवारची वेळ घे म्हणाले, आणि तूही चल. मी जाणारच होते. एकटे सोडले तर वाटेतूनच परत फिरतील.

१२ ऑगस्ट
डॉक्टरांकडे बाबांनी होकार दिला, पण अट घातली — आधी हिची छाती तपासा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर हसत हसत नळी लावून बसले. मग हसायचे थांबले. हृदयाच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली.
घाबरले आहे.

१९ ऑगस्ट
हृदयाची झडप खराब आहे. ऑपरेशन शुक्रवारी. माझं.
बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, कान तिखट. म्हणाले, “चार महिने जिन्यात तुझा श्वास ऐकतोय. सरळ सांगितलं असतं, तर पिशव्या जड आहेत म्हणाली असतीस.”
तेच म्हणाले असते. खूप रडले.
फॉर्मवर नातेवाइकाची सही लागत होती. सही करायला बाबा त्याच दुखऱ्या गुडघ्यावर उठले, टेबलाला न धरता.